जास्त बूस्टची टर्बो गाडी इथेनॉलवर ट्यून करताना

टर्बो गाडी इथेनॉलवर आणली की सगळ्यात आधी गायब होतो तो नॉक, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून होणारी ठकठक. पेट्रोलवर ट्यूनर ज्या आवाजाला घाबरून हात आखडता घेतो, तो ऐकूच येत नाही. मग बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जादा दाब) थोडा वाढतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) अजून दोन डिग्री पुढे जातं, डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा चढतो आणि सगळे खूश होतात. पुढे एके दिवशी कनेक्टिंग रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर डोकावतो आणि बोल इथेनॉलला लागतो. खरं तर पेट्रोल ज्या मर्यादेची सतत आठवण करून देत होतं ती मर्यादा हटलेली असते, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या बाकीच्या मर्यादा कुणी मोजलेल्याच नसतात. पंपाचा दम किती, इंजेक्टर कुठवर पुरतात, रॉड किती टॉर्क सोसतात आणि टाकीत नेमकं किती टक्के इथेनॉल आहे, हे चार प्रश्न. पुढचं सगळं काम त्यांच्याभोवती फिरतं.

मी इथे चार सिलिंडरची, सव्वा ते दीड बार बूस्टवर चालणारी पेट्रोल टर्बो गाडी धरली आहे. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो) आणि लीक-डाउन टेस्ट (त्यातून हवा किती गळते) केल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त तफावत निघाली, तर इंजेक्टरसाठी बाजूला काढलेले पैसे आधी इंजिनात घाला.

आपल्या पंपावरचं इंधन

इंटरनेटवरचे बहुतेक तक्ते अमेरिकन असतात. ते ई१० पासून सुरू होतात आणि ई८५ वर संपतात (ई पुढचा आकडा म्हणजे इंधनात किती टक्के इथेनॉल). आपली सुरुवात वेगळी आहे. मुंबईतल्या कुठल्याही पंपावर साधं पेट्रोल म्हणजे आता ई२०, किमान ९५ ऑक्टेनचं (हा आकडा जितका मोठा तितका नॉक कमी). म्हणजे गाडी आधीच इथेनॉलच्या वाटेवर थोडी पुढे उभी आहे आणि पुढची उडी तक्त्यात दिसते त्यापेक्षा लहान आहे.

दुसऱ्या टोकाला इंडियन ऑइलचं इथेनॉल १०० आहे. मार्च २०२४ मध्ये ते पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर आलं, त्यात महाराष्ट्र आहे. नावात शंभर असलं तरी त्यात इथेनॉल ९३ ते ९३.५ टक्के असतं, पाच टक्के पेट्रोल आणि दीड टक्का को-सॉल्व्हंट (दोन्ही एकजीव ठेवणारं द्रव्य). गणितात ते ई९३ धरायचं. पंप गाठण्याआधी फोन करून साठा विचारा, नाहीतर पनवेलपर्यंतची फेरी फुकट.

आता हिशेब. एक किलो इंधन जाळायला किती किलो हवा लागते तो आकडा पेट्रोलला १४.७, ई२० ला साधारण १३.५, ई४० ला १२.३, ई८५ ला ९.८ आणि शुद्ध इथेनॉलला ९. घनता लक्षात घेऊन आकारमानात मोजलं, तर ई२० वरून ई३० ला गेल्यावर इंधन फक्त ४ टक्के जास्त लागतं, ई४० ला ८ टक्के, ई८५ ला ३२ टक्के आणि ई९३ ला ३८ टक्के. ही चार टक्केवारी वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. कारण ई४० पर्यंतचा प्रवास बऱ्याच गाड्यांच्या मूळ पंप-इंजेक्टरवर जमतो आणि त्यानंतर खर्च एकदम उडी मारतो.

मोबदल्यात काय मिळतं? इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. शिवाय त्याची वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या अडीच पट उष्णता शोषतं. मे महिन्यात पश्चिम द्रुतगती मार्गावर तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या गाडीचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) स्वतःच तापतो, तेव्हा ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच कामाला येते. थेट इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन सिलिंडरमध्येच फवारणाऱ्या, इंजिनात तर हा गारवा सरळ सिलिंडरच्या आत मिळतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीसाठी ई३५ ते ई४० आणि त्याबरोबर फ्लेक्स सेन्सर (इंधनातलं इथेनॉल मोजणारा), यापलीकडे जाण्यात फारसं हशील नाही. नॉकविरोधी फायद्याचा मोठा वाटा ई५० च्या आतच पदरात पडतो. पूर्ण इथेनॉलचा घाट फक्त अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन या ड्रॅग शर्यतीला उतरणाऱ्या गाडीसाठी घालावा. तिथे इंधन आपण स्वतः घेऊन जातो आणि ते काय आहे हे आपल्याला माहीत असतं.

मिश्रणाचं गणित सोपं आहे. हव्या असलेल्या टक्क्यांतून २० वजा करा, आलेल्या आकड्याला ७३ ने भागा. ई४० साठी २० भागिले ७३, म्हणजे २७ टक्के. ५० लिटरच्या टाकीत १३.७ लिटर ई९३ आणि उरलेलं साधं पेट्रोल. ई३० साठी जेमतेम सात लिटर. पण हे रिकाम्या टाकीचं गणित आहे. टाकीत आधीचं किती आणि कसलं इंधन उरलंय ते धरलं नाही तर सगळं फसतं.

कागदपत्रांची बाजू

हे थोडक्यात, पण टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि वेगळ्या इंधनासाठी इंजिनात बदल करायचा तर त्याच्या अटी आहेत. विनापरवाना बदलासाठी कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला मोठे इंजेक्टर दिसले की दावा अडकतो. फक्त ट्रॅकवर जाणारी गाडी असेल तर ती ट्रेलरवर न्या.

दुसरी गोष्ट दारूबंदीच्या कायद्याची. साखर कारखान्यात ओळख आहे, तिथून स्पिरिटचा एक ड्रम आणू, असं सुचवणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. महाराष्ट्रात स्पिरिट बाळगणं आणि वाहून नेणं हे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आणि उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यांखाली येतं. इंधन पंपावरूनच घ्या, पावती ठेवा आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॅन साठवू नका.

नळीतली परीक्षा

पंपावरच्या पाटीवर विश्वास ठेवून मॅप (ईसीयूतलं, म्हणजे इंजिनच्या संगणकातलं, इंधन-टायमिंगचं कोष्टक) बनवायचा नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवर लॅबच्या काचसामानाच्या दुकानांत १०० मिलिलिटरचा खुणा असलेला, बूच लागणारा सिलिंडर मिळतो. त्यात १० मिलिलिटर पाणी घ्या, वर ९० मिलिलिटर इंधन. बूच लावून अर्धा मिनिट हलवा, मध्येमध्ये बूच सैल करून वाफ सोडा, मग दहा मिनिटं सपाट जागी ठेवून द्या. इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं आणि खालचा थर फुगतो. दोन थरांमधली रेष स्पष्ट दिसेना तर मागे पांढरा कागद धरा, किंवा पाण्यात आधीच खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका. खालचा थर २८ च्या खुणेला पोचला तर त्यातले १० वजा करा, उरलेल्या १८ ला ९० ने भागा: २० टक्के. ई२० बरोबर आहे.

इथेनॉल १०० तपासताना मात्र एवढंसं पाणी पुरत नाही, सगळं एकजीव होतं आणि थरच दिसत नाहीत. तिथे निम्मं पाणी, निम्मं इंधन घ्या. १०० ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलचीही हीच परीक्षा करा. त्यात इथेनॉल नसतंच असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. दहा मिनिटांत स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. ही परीक्षा मोकळ्या हवेत करायची. आजूबाजूला विडी-सिगारेट नको आणि चालू मोटारही नको.

इंधनाचा मार्ग: इथे घाई करू नका

टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा प्रत्येक तुकडा तपासायचा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचं सामान ई२० सोसण्यासाठी बनवलेलं असतं. त्याआधीच्या गाड्यांचे होज आणि ओ-रिंग संशयित धरा. जुना नायट्राइल रबरी होज जास्त इथेनॉलमध्ये राहिला की आतून मऊ पडतो. कापून बोट फिरवलं तर काळी शाई लागते आणि हीच शाई पुढे इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसते. नागदेवीच्या बाजारात मीटरवर मिळणारा फ्युएल होज दिसायला छान असतो, पण त्यावर इथेनॉलसाठीचं मानांकन छापलेलं नसेल तर तो सोडून द्या. पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराचा, स्टीलच्या जाळीचा होज घ्या, ओ-रिंग व्हायटनच्या. अॅनोडाइज न केलेलं अॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले तुकडे इथेनॉलच्या संगतीत टिकत नाहीत.

इथेनॉलमधून वीज वाहू शकते, पेट्रोलमधून जवळपास नाही. त्यामुळे टाकीतल्या पंपाच्या उघड्या पिना हिरव्या पडतात, संपर्क ढिला होतो आणि पंपाला मिळणारा व्होल्टेज घसरतो. पंप घेताना तो इथेनॉलसाठी बनवलाय हे निर्मात्याच्या कागदावर वाचा. वॉलब्रो कंपनीचा ठिकठिकाणी मिळणारा २५५ (तासाला २५५ लिटरचा) पंप पेट्रोलसाठी आहे. इथेनॉलसाठी त्यांचे मोठे पंप वेगळे येतात.

आता किती मोठा? ३०० हॉर्सपॉवरचं उदाहरण घेऊ. पेट्रोलवर टर्बो इंजिन दर हॉर्सपॉवरला तासाला साधारण २६० ग्रॅम इंधन खातं, ई८५ वर ३६० च्या आसपास. म्हणजे ३०० साठी १०८ किलो, आकारमानात मिनिटाला सुमारे २,३०० सीसी. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी ५७५. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून लागतो ६८० सीसीचा. बाजारात घेताना ८०० ते १,००० च्या मधला घ्या. त्याचा डेड-टाइम (इशारा मिळाल्यावर उघडायला लागणारा वेळ) आणि लहान पल्सचा डेटा बरोबर मिळत असेल तरच घ्या, कारण डेटा नसलेला मोठा इंजेक्टर आयडलला गाडीला उचकी लावतो आणि ती मॅपमधून शेवटपर्यंत जात नाही.

पंपासाठी हेच २,३०० सीसी म्हणजे तासाला १३८ लिटर. आकडा छोटा वाटतो. पण रेलचा (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) मूळ दाब ३ बार, त्यावर बूस्टचा दीड, म्हणजे पंपाला साडेचार बारच्या विरोधात ढकलायचं आहे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा बहुधा कमी दाबाचा असतो. आलेख शोधा आणि ४.५ बारला, १३.५ व्होल्टवर १८० लिटर मिळतात का ते बघा. पंपाला बॅटरीपासून जाड तारेची, स्वतंत्र रिले आणि फ्यूजची लाइन द्या. पूर्ण लोडवर पंपाच्या पिनांवर १३ व्होल्टच्या खाली येत असेल तर महागडा पंपही अर्ध्या पोटी काम करतो.

थेट इंजेक्शनच्या गाड्यांत, आपल्याकडच्या टीएसआय वगैरे, हा हिशेब दोनदा करावा लागतो. टाकीतला पंप वेगळा आणि कॅमवर चालणारा उच्च दाबाचा पंप वेगळा. दुसरा बहुतेक ठिकाणी ई४० च्या आसपास थकतो. तिथून पुढे मोठा पंप किंवा मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांवर) जादा पोर्ट इंजेक्टर, दोन्ही खर्चिक. ई४० ला थांबण्याचं हे आणखी एक कारण.

फिल्टर जाळीचा किंवा मायक्रोग्लासचा, १० मायक्रॉनचा घ्या; कागदी फिल्टर फुगतो. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा इथेनॉल धुऊन काढतं, म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलायचाच.

सेन्सर

फ्लेक्स सेन्सर परतीच्या लाइनवर बसवणं उत्तम, कारण त्याची आतली नळी अरुंद असते. कॉन्टिनेंटलचा सर्वत्र वापरला जाणारा सेन्सर इथेनॉलचं प्रमाण फ्रीक्वेन्सीत सांगतो: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. पल्सच्या रुंदीतून इंधनाचं तापमान कळतं. ई२० भरलेल्या टाकीवर ७० च्या आसपास दिसायला हवं. नळीतली परीक्षा आणि सेन्सर यांत तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी त्याचा छडा लावा. १८० च्या पुढे गेला तर इंधनात पाणी किंवा घाण आहे. सिग्नलच्या तारेला पुल-अप रेझिस्टर लागतो; काही ईसीयूंत तो आत असतो, नसेल तर लॅमिंग्टन रोडवर चहाच्या पैशात मिळतो.

टाकी भरल्यावर नवं इंधन सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. पंपावरून निघाल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा.

प्लग

इथेनॉल नॉकला दाद देत नाही, पण तापलेल्या जागेवरून ठिणगीआधीच पेट घेण्याची खोड त्याला आहे. म्हणून प्लग एक पायरी थंड, दीड बारच्या पुढे दोन. एनजीकेत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. कॉइल कमजोर असतील तर जास्त बूस्टला मिस पकडते आणि ट्यूनर इंधनात दोष शोधत बसतो.

मॅप कसा रचायचा

मूळ ईसीयू रिफ्लॅश करा (नव्याने प्रोग्राम करा) किंवा हॉल्टेक, लिंक यांसारखा स्टँडअलोन, म्हणजे वेगळा ईसीयू लावा. फक्त त्यात इथेनॉलच्या टक्क्यांनुसार इंधन, टायमिंग आणि बूस्ट वेगवेगळे बदलता आले पाहिजेत. तिन्ही एकाच सरळ रेषेत बदलले की घोळ होतो.

इंधनाची रेषा जवळजवळ सरळ, वरच्या टक्केवारीप्रमाणे. टायमिंगची तशी नाही. ई२० ला पेट्रोलचा मॅप, तिथून ई४० पर्यंत जादा टायमिंगचा साठ-सत्तर टक्के भाग देऊन टाका, ई६० ला पूर्ण. त्यापुढे इथेनॉल वाढलं तरी टायमिंग वाढवण्यात काही नाही. बूस्टची रेषा मी सगळ्यात उशिरा उचलतो, ई३५ नंतर.

लॅम्डाबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर लॅम्डा मोजतो (१ म्हणजे हवा आणि इंधन नेमक्या प्रमाणात, त्याखाली इंधन जास्त), त्याला इंधन कुठलं हे कळत नाही. मीटर पेट्रोलच्या भाषेत लावलेला असेल तर लॅम्डा ०.८० ला तो ११.८ दाखवतो, टाकीत ई९३ असलं तरी. मीटर सरळ लॅम्डावर लावून टाका. पूर्ण बूस्टला ०.७८ पासून सुरुवात करा, इथेनॉलवर ०.८२ पर्यंत आणता येतं, त्यापलीकडे पातळ करण्याचा लोभ नको.

थ्रॉटल अचानक उघडल्यावर मॅनिफोल्डच्या भिंतीवर इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त चिकटतं. त्यामुळे पोर्ट इंजेक्शनला अॅक्सिलरेशनचं जादा इंधन वाढवावं लागतं, थंड इंजिनात तर बरंच. क्रँकिंगचंही तसंच. मुंबईत हे लक्षात येत नाही कारण इथे पारा क्वचितच १५ च्या खाली जातो. ई८५ च्या वरच्या मिश्रणाची गाडी डिसेंबरच्या पहाटे नाशिक-निफाडला न्या, मग स्टार्टर फिरत राहील आणि इंजिन पेटणार नाही. कोल्ड स्टार्टचं टेबल रिकामं सोडू नका. ई४० ला हा त्रास नाही.

डायनोवर

रस्त्यावर ट्यूनिंग नको. सी लिंकवर ८० ची मर्यादा आहे, अटल सेतूवर १००, दोन्हीकडे कॅमेरे. आणि तिसऱ्या गिअरचा एक पूर्ण पुल (थ्रॉटल पूर्ण उघडून केलेली धाव) यांपैकी कुठेच बसत नाही.

सुरुवात वेस्टगेटच्या (बूस्टला आवर घालणाऱ्या झडपेच्या) मूळ दाबावर, पेट्रोलच्या टायमिंगवर. इंधनाचं टेबल आधी सरळ करा. रेलचा दाब आणि मॅनिफोल्डचा दाब यांतला फरक लॉगमध्ये घ्या, हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा चॅनेल. समजा फरक सुरुवातीपासून ३.० बारवर स्थिर आहे आणि ५,८०० आरपीएमपासून २.९, २.८, २.६ असा उतरू लागला. इंजेक्टरचा प्रवाह तेवढ्यात ७ टक्क्यांनी घटतो. ड्युटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा) ८४ वरून ९३ वर चढते, लॅम्डा ०.८० वरून ०.८४ कडे सरकतो. नवशिक्या इथे टेबलच्या त्या खान्यात इंधन वाढवतो. पण पंपच पुरवत नाहीये, मागणी वाढवून काय होणार? थांबा, पंपाचा व्होल्टेज बघा, फिल्टर बघा, तेही ठीक असेल तर पंप लहान आहे. पुढचा पुल हा प्रश्न सुटल्याशिवाय मारायचा नाही.

मग बूस्ट ०.२ बारच्या पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला टायमिंग एकेक डिग्रीने. इथे नॉकऐवजी टॉर्ककडे बघायचं असतं, आणि हेच हातात बसायला वेळ लागतो. डायनोवरचा संवाद साधारण असा होतो:

"दादा, नॉक शून्य आहे. अजून दोन देऊ?"

"टॉर्क किती वाढला मघाच्या दोन डिग्रीने?"

"तीन न्यूटन-मीटर."

"मग तेही दोन काढ. आणि पेट्रोलचा मॅप ठेव बाजूला, त्यात शोधू नको."

टॉर्क वाढायचा थांबला की त्यापुढची प्रत्येक डिग्री फक्त सिलिंडरमधला दाब वाढवते, पिस्टन आणि रॉडवर. जिथे वाढ थांबते तिथून दोन डिग्री मागे या.

रॉड वाकतात ते वरच्या आरपीएमला कमी आणि ३,००० ते ४,००० च्या दरम्यान जास्त, कारण टर्बो तिथे पूर्ण भरतो आणि टॉर्कचा डोंगर उभा राहतो. मूळ रॉड असतील तर बूस्ट तिथे हळू चढवा आणि वर पूर्ण द्या. आकडा तोच मिळतो, इंजिन वाचतं. लहान थेट इंजेक्शनच्या इंजिनात २,५०० च्या खाली पूर्ण बूस्ट देऊच नका. उड्डाणपुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून ठेवण्याची सवय असलेल्यांसाठी ही मर्यादा मॅपमध्येच घाला.

संरक्षण

हे भाग नसलेला मॅप मी गाडीत ठेवून देत नाही. अर्ध्या बारच्या वर बूस्ट असताना लॅम्डा ०.८८ च्या पुढे पाव सेकंद राहिला तर बूस्ट बंद. रेलच्या दाबाचा फरक ०.४ बारने पडला तर बूस्ट बंद. इनटेकचं तापमान ६० अंशांच्या पुढे गेलं की टायमिंग मागे. आणि फ्लेक्स सेन्सर मेला तर काय? पुष्कळ मॅप तेव्हा शून्य टक्के धरतात. टायमिंगसाठी हे ठीक, इंधनासाठी घातक, कारण टाकीत ई४० आहे आणि ईसीयू पेट्रोलइतकंच इंधन टाकतोय. इंधनाला शेवटचा माहीत असलेला टक्का धरायला लावा, टायमिंग आणि बूस्ट मात्र पेट्रोलच्या टेबलवर आणा. डायनोवरून गाडी उतरवण्याआधी सेन्सरचा प्लग हाताने काढून हे घडतं का ते बघा.

आगीचंही. इथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जेमतेम दिसते. वर्कशॉपमध्ये ड्राय पावडरचा सिलिंडर हाताशी असावा आणि प्रत्येक जोड कामाच्या दाबावर, इंजिन बंद ठेवून, आधी गळतीसाठी तपासावा.

घाट आणि पावसाळा

समुद्रसपाटीला दीड बार बूस्ट म्हणजे टर्बो हवा सुमारे २.५ पट दाबतो. खंडाळ्याला हवा विरळ, तोच दीड बार गाठायला त्याला २.६ पट दाबावं लागतं आणि महाबळेश्वरला २.७ च्या वर. टर्बोच्या चाकाचा वेग वाढतो, निघणारी हवा जास्त तापते. बूस्टचं टार्गेट बाहेरच्या हवेच्या दाबानुसार उतरेल असं टेबल ठेवा, नाहीतर मुंबईत बिनघोर चालणारा टर्बो बोरघाटात अतिवेगाने फिरेल.

पावसाळ्यात इथेनॉल हवेतली ओल पितं. टाकी बंद असते म्हणून रोजच्या गाडीला फारसा धोका नाही. जुलैमध्ये तीन आठवडे झाकून ठेवलेल्या गाडीला आहे. ई२० ते ई४० मध्ये पाणी प्रमाणाबाहेर गेलं तर इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. टाकी निम्म्याच्या वर भरलेली ठेवा. कॅनमध्ये उरलेलं इंधन पुढच्या मोसमात वापरू नका.

ऑइल ५,००० किलोमीटरला, दादर ते परळ अशा छोट्या फेऱ्या जास्त असतील तर त्याआधी. इंजिन पूर्ण तापत नाही तोवर इथेनॉल ऑइलमध्ये उतरत राहतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा; ऑइल तापलं की त्यात उतरलेलं इथेनॉल आणि पाणी उडून जातं. तरीही डिपस्टिकवर पातळी वाढत असेल तर एखादा इंजेक्टर गळतोय.

मायलेजचा हिशेब मनाशी पक्का असू द्या. ई४० ला फरक सात-आठ टक्क्यांचा, ई९३ ला सव्वीस. ५० लिटरमध्ये ५०० किलोमीटर जाणारी गाडी ३७० ला थांबेल. मुंबई-पुणे-मुंबई होईल, पुण्यात फिरायला फारसं उरणार नाही, आणि वाटेत भरलं तर ते ई२० असेल. फ्लेक्स सेन्सर असलेल्या गाडीला त्याचं काही वाटत नाही. ज्यांनी सेन्सरचा खर्च वाचवून एका ठरलेल्या टक्क्यावर मॅप केलाय, त्यांनी ई२० चा दुसरा मॅप ईसीयूत भरून ठेवावा, डॅशवर बटण द्यावं आणि गाडी ड्रायव्हरच्या किंवा व्हॅलेच्या हाती जाणार असेल तेव्हा ते कुठल्या बाजूला असावं हे टाकीच्या झाकणाच्या आत मार्करने लिहावं.